गियर पडत नाही? गियरबॉक्स उतरवण्याआधी एवढं तपासा



१ जून ते ३१ जुलै मासेमारी बंद, म्हणून ट्रॉलरबरोबर आपल्या पिकअपही उभ्या राहतात. ऑगस्टमध्ये मासळी भरून पहिली फेरी निघाली की जुन्या गाड्यांच्या दोन तक्रारी हमखास येतात. एक, गियर पडत नाही. दुसरी, गाडी ओढत नाही. गॅरेजात एवढंच सांगितलं की पुष्कळदा थेट गियरबॉक्स उतरवायची गोष्ट निघते. मजुरी जाते, गाडी अडकते आणि इकडे क्रेटमधला बर्फ पाणी होतो. खरं तर दोष बऱ्याच वेळा गियरबॉक्सचा नसून क्लचचा असतो. तो ओळखायला हत्यारं फारशी लागत नाहीत. खालच्या तपासण्या साध्या गियरच्या, म्हणजे क्लच पेडल असलेल्या, जुन्या डिझेल पिकअपसाठी आहेत.

१) गियर पडत नाही
इंजिन बंद करा, क्लच दाबा आणि सगळे गियर टाकून बघा. एखादा अडला तर गाडी किंचित ढकलून पुन्हा टाका. बंद इंजिनवर सगळे सहज पडतात, पण चालू इंजिनवर अडतात आणि रिव्हर्सला करकर होते, असं असेल तर क्लच पूर्ण सुटत नाही. गियरबॉक्सला हात लावू नका.

आता पेडल तीन-चार वेळा भराभर दाबा. त्यानंतर गियर पडला तर दोष ऑइलच्या लाइनमध्ये आहे: हवा शिरलीय किंवा सिलेंडर गळतोय. बाटलीतली पातळी बघा. पेडलच्या वर आणि खाली गियरबॉक्सजवळच्या सिलेंडरचं रबर ओलं आहे का तेही बघा. काही गाड्यांत क्लच आणि ब्रेकची बाटली एकच असते. तिथे पातळी उतरली तर प्रश्न ब्रेकचाही आहे, म्हणून भरलेली गाडी घेऊन घाटात जाऊ नका. ऑइल झाकणावर लिहिलंय तेच घाला, डॉट ३ किंवा डॉट ४.

पावसाळाभर उभ्या गाडीत आणखी एक प्रकार होतो. दमटपणाने क्लच प्लेट गंजून फ्लायव्हीलला चिकटते. पेडल कितीही मारा, गियर पडतच नाही. अशा वेळी गियरमध्ये टाकून स्टार्टर मारू नका, गाडी उडी घेते. मेकॅनिकला बोलवा. हे टाळायला बंदीच्या काळात आठवड्यातून एकदा गाडी चालू करून चार वेळा पुढे-मागे घ्यायची.

२) गाडी ओढत नाही
इंजिनचा आवाज चढतो, पण वेग वाढत नाही, चढावावर जळका वास येतो. ही क्लच घसरण्याची खूण. तपासायला गाडी सपाट जागी लावा, चाकांना दगड लावा, हँडब्रेक ओढा आणि समोर कोणी नाही ना ते बघा. ब्रेक पायाने घट्ट दाबून चौथा गियर टाका आणि अॅक्सिलरेटर न देता क्लच सोडा. इंजिन तिथल्या तिथे बंद पडायला हवं. चालूच राहिलं तर क्लच घसरतोय. ही तपासणी एकदाच करा, पुन्हा पुन्हा केली तर उरलेली प्लेटही जळते.

कारण दर वेळी झिजलेली प्लेटच असतं असं नाही. पेडलला मोकळी चाल उरली नसेल किंवा प्लेटवर ऑइल आलं असेल तरी क्लच घसरतो. ऑइल येत असेल तर सीलही बदलायला सांगा, नाहीतर नवी प्लेटसुद्धा लवकर जाईल. आणि चालवताना पाय पेडलवर ठेवायची सवय सोडा!

३) आवाज कधी येतो?
गाडी उभी, इंजिन चालू, गियर न्यूट्रलला.
• पेडल दाबल्यावरच आवाज येतो: रिलीज बेअरिंग.
• पेडल सोडलं की येतो, दाबलं की जातो: गियरबॉक्सचं पुढचं बेअरिंग.
• चालताना एकाच गियरला करकर: त्या गियरची सिंक्रोनायझर रिंग झिजलीय.
• गियर कुठलाही असो, आवाज गाडीच्या वेगाबरोबर वाढतो: आधी प्रॉपेलर शाफ्टचा क्रॉस, मधलं बेअरिंग, डिफरन्शियल आणि चाकांची बेअरिंगं बघा. गाडी सुटताना 'टक्क' होत असेल तर क्रॉसवर पहिला संशय.

४) गियर ऑइल
मासळीचं खारं पाणी सतत गाडीखाली गळतं, त्यामुळे आपल्या गाड्यांना ही तपासणी जास्त लागू. गाडी सपाट जागी, इंजिन थंड. बाजूचा भरायचा नट आधी उघडा, खालचा नंतर. वरचा गंजून अडला आणि खालून ऑइल काढून बसलात तर गाडी तिथेच राहील. ऑइल वरच्या भोकाच्या खालच्या कडेपर्यंत हवं. दुधाळ दिसलं तर पाणी शिरलंय. नटाच्या चुंबकावर बारीक काळी पेस्ट चालते. लोखंडी तुकडे निघाले तर गाडी थांबवा. पितळी चमक सिंक्रोनायझर रिंगची असते. नवं ऑइल पुस्तिकेत दिलेल्या ग्रेडचंच घ्या. जीएल-४ च्या जागी कुठलंही जीएल-५ चालेल असं धरू नका, त्यातली काही ऑइलं पितळी रिंगा खातात.

गॅरेजात जाताना चार गोष्टी कागदावर लिहून न्या: बंद इंजिनवर गियर पडतात का, पेडल पंप केल्यावर फरक पडतो का, चौथ्या गियरला इंजिन बंद पडलं का, आवाज कधी येतो. एवढं सांगितलंत तर मेकॅनिक नेमक्या ठिकाणी हात घालेल. शेवटी गियरबॉक्स उतरवावाच लागला तर क्लच प्लेट, प्रेशर प्लेट, रिलीज बेअरिंग आणि सील त्याच वेळी बघून घ्या. उतरवायची मजुरी दोनदा कशाला द्यायची?