ऊर्जेची ठेव

प्रत्यंचा आकर्ण ओढून उभा असलेला तिरंदाज पाहा. बाण अजून सुटलेला नाही. धनुष्य निश्चल आहे. तरीही त्या स्तब्धतेत काही तरी दडलेले आहे, हे पाहणाऱ्याला जाणवते. तिरंदाजाच्या बाहूंनी घेतलेले श्रम वाकलेल्या धनुष्यात साठून राहिले आहेत. बोटे सैल होताच तीच ठेव बाणाचा वेग होऊन प्रकट होते.

कार्य करण्याच्या या क्षमतेला ऊर्जा म्हणतात. ती साठवता येते आणि एका वस्तूकडून दुसरीकडे सोपवताही येते. किल्लीच्या घड्याळाला आपण सकाळी क्षणभर किल्ली देतो. आतली पोलादी स्प्रिंग घट्ट गुंडाळली जाते आणि पुढे दिवसभर थोडी थोडी सुटत काटे फिरवते. मुसळ वर उचलले, की हातांची ऊर्जा त्याच्या उंचीत साठते. मुसळ खाली आले, की ती उखळातल्या धान्यावर खर्च होते.

पण हातांना ही ऊर्जा कोणी दिली? भाकरीने. भाकरीला ज्वारीने आणि ज्वारीला सूर्याने. हिरव्या पानांनी उन्हातून घेतलेली ऊर्जाच दाण्यात भरून ठेवलेली असते.

हीच देवघेव भव्य प्रमाणावर पाहायची असेल, तर सातारा जिल्ह्यातील कोयनानगरला जावे. सूर्याच्या उष्णतेने समुद्राच्या पाण्याची वाफ होते, तिचे ढग होतात आणि ते सह्याद्रीवर बरसतात. ते पाणी कोयनेचे धरण उंचावरच अडवून धरते. शिवसागर जलाशय शांत दिसतो खरा. परंतु तो उगारलेल्या मुसळासारखा आहे. डोंगराच्या पोटातील बोगद्यांतून त्याचे पाणी पश्चिमेकडे नेले जाते आणि सुमारे ४७५ मीटर खाली, पोफळी येथील भूमिगत वीजगृहात सोडले जाते. पाण्याच्या वेगाने चक्रे फिरतात, चक्रांमुळे जनित्रे फिरतात आणि वीज निर्माण होते. १९६२ साली येथे वीजनिर्मितीला प्रारंभ झाला.

आता थोडे गणित करू. इतक्या उंचीवरून पडणारे एक लिटर पाणी सुमारे ४,६५० ज्यूल ऊर्जा देते. वाटेत यंत्रांत व तारांत होणारी घट वजा केली, तर त्यावर ९ वॅटचा एक दिवा सुमारे सात मिनिटे जळेल. म्हणजे रिकाम्या खोलीत असा दिवा तासभर जळत राहिला, तर साडेआठ लिटर, जवळजवळ एक कळशी पाणी डोंगरावरून खाली ओतले गेले, असे समजावे.

कोणी म्हणेल, ऊर्जा तर कधीच नाहीशी होत नाही, मग चिंता कशाची? म्हणणे खरे आहे. दिव्याची ऊर्जा अखेर उष्णता होऊन भिंतींत आणि हवेत पसरते. मात्र अशी विखुरलेली उष्णता गोळा करून तिच्यावर पुन्हा दिवा लावता येत नाही. ऊर्जा उरते, ठेव मोडते.

ही ठेव फुकट मिळालेली नाही. जलाशयासाठी अनेक गावांना आपली घरे आणि शेते सोडावी लागली. शिवाय कोयना ही कृष्णेची उपनदी. तिचे जे पाणी पोफळीला उतरते, ते वाशिष्ठी नदीतून अरबी समुद्राला मिळते. कृष्णेच्या खोऱ्यातील शेतांकडे ते परत जात नाही. म्हणूनच पश्चिमेकडे किती पाणी वळवावे, याला मर्यादा घालून दिलेली आहे.

सूर्याने उचललेले, डोंगराने झेललेले आणि माणसांनी गाव सोडून अडवू दिलेले ते पाणी आपल्या घरी प्रकाश होऊन येते. खोलीतून बाहेर पडताना बटनाकडे जाणारा हात त्या ठेवीची राखण करीत असतो.

स्वाध्याय

१. 'ऊर्जा उरते, ठेव मोडते' या वाक्याचा अर्थ तुमच्या शब्दांत सांगा.
२. शिवसागर जलाशयाला उगारलेल्या मुसळाची उपमा का दिली आहे?
३. तुमच्या घरातील ऊर्जा साठवणाऱ्या तीन वस्तू शोधा. त्यांतील ऊर्जा कोठून येते व कोठे जाते, ते लिहा.