आर्मेनियाचीं छत्तीस अक्षरें

काळा समुद्र व कास्पियन समुद्र यांच्यामधील डोंगराळ मुलखांत आर्मेनिया नांवाचा लहानसा देश आहे. आमचे विद्यार्थी त्याची राजधानी येरेवान एवढें पाठ करितात आणि पुढच्या देशाकडे वळतात. तेथील लोक स्वतःस ‘हाय’ व आपल्या देशास ‘हायास्तान’ म्हणतात. त्यांचें राज्य अनेकदां बुडालें. तरी हें नांव टिकलें, तें तलवारीपेक्षां मुळाक्षरांच्या बळावर अधिक, असें आम्हांस वाटतें.

परंपरेप्रमाणें इ. स. ३०१ मध्यें तेथील राजानें ख्रिस्ती धर्म राजधर्म म्हणून स्वीकारिला. परंतु शास्त्र ग्रीक व सुर्यानी भाषांत असल्यामुळें देवळांत वाचलेलें सामान्य जनांस उमगत नसे. त्यांतच इ. स. ३८७ मध्यें रोम व इराण यांनीं देश आपसांत वांटून घेतला. अशा काळीं मेस्रोप माश्तोत्स, जो पूर्वीं दरबारांत लेखक असून पुढें विरक्त झाला होता, गांवोगांव उपदेश करीत असतां त्यास स्वभाषेच्या लिपीची उणीव तीव्रतेनें जाणवली. धर्मगुरु साहाक व राजा व्रामशापुह यांनीं त्यास साहाय्य केलें. प्रथम दानिएल नांवाच्या सुर्यानी धर्माध्यक्षाजवळचीं कांहीं अक्षरें आणविलीं, व मेस्रोपानें तीं सुमारें दोन वर्षें मुलांस शिकविलीं. तेव्हां आढळलें कीं, आर्मेनियन भाषेचे कित्येक उच्चार त्यांत मावत नाहींत! दुसरा एखादा तेवढ्यावरच भागवून घेता. हा मात्र शिष्यांसह एदेसा वगैरे नगरांस गेला, आणि इ. स. ४०५ च्या सुमारास त्यानें छत्तीस अक्षरांची नवी लिपि सिद्ध केली. हा वृत्तांत त्याचा शिष्य कोर्युन यानें लिहून ठेविला आहे.

या अक्षरांची एक मौज बालवाचकांस सांगितली पाहिजे. नऊ-नऊ अक्षरांच्या चार ओळी मांडल्या म्हणजे एकं, दहं, शतं, सहस्र असे अंकहि त्यांनींच लिहितां येतात. पहिल्या अक्षरानें ‘अस्त्वत्स’ म्हणजे देव हा शब्द आरंभ होतो, व छत्तिसाव्यानें ‘क्रिस्तोस’. (मध्ययुगांत आणखी दोन अक्षरें जोडलीं गेलीं.) भाषांतरास प्रारंभ शास्त्रांतील नीतिसूत्रांपासून झाला. पुढें इ. स. ४२८ मध्यें राजवंश संपला. पण तोंवर पुस्तकें लोकांच्या हातीं आलीं होतीं.

तीं पुस्तकें या लोकांनीं कशीं जपलीं पाहा. इ. स. १९१५ पासून उस्मानी राज्यांत आर्मेनियनांचा जो भीषण संहार झाला, त्यांत लक्षावधि स्त्रीपुरुष व मुलें मेलीं. त्या पळापळींत मूश येथील मठांत दोन स्त्रियांस एक ग्रंथ सांपडला. इ. स. १२०० ते १२०२ या काळांत लिहिलेला हा चर्मपत्रांचा प्रवचनसंग्रह सुमारें अठ्ठावीस किलो वजनाचा! एकीस तो उचलेना, म्हणून त्यांनीं त्याचे दोन भाग केले. एक भाग एच्मियाद्झिन येथें पोंचला. दुसरी स्त्री वाटेंत वारली. परंतु मरण्यापूर्वीं तिनें आपला भाग एर्झुरूम येथें पुरून ठेविला होता. पुढें तोहि सांपडला, व आज दोन्ही भाग येरेवानच्या मातेनादारान या हस्तलिखितसंग्रहालयांत एकत्र आहेत. घर, दागिने, भांडींकुंडीं सोडून त्यांनीं पुस्तक कां उचललें असावें, हें पालकांनीं मुलांस अवश्य विचारावें.

आपल्या देशाशींहि या अक्षरांचा संबंध आहे. आर्मेनियन भाषेंतील पहिलें नियतकालिक ‘अझ्दारार’ हें इ. स. १७९४ मध्यें मद्रासेंत निघालें, आणि कलकत्त्यांत इ. स. १८२१ मध्यें आर्मेनियन मुलांसाठीं शाळा स्थापन झाली.

मेस्रोपाची समाधि ओशाकान गांवच्या देवळांत आहे. मुळाक्षरें शिकणाऱ्या मुलांस तेथें दर्शनास नेतात. त्यांच्या पहिल्या पुस्तकाचें नांव ‘आयबेनारान’. ‘आयब’ व ‘बेन’ हीं पहिल्या दोन अक्षरांचीं नांवें.