गंजी रचतानाच आगीचा विचार

फाल्गुन सरता सरता सोलापूर जिल्ह्यातील रब्बी ज्वारीची काढणी आटोपते, खळ्यावरची रास घरात येते, आणि ज्या कडब्यावर मृग नक्षत्रापर्यंत, पाऊस लांबला तर त्याहूनही पुढे, दावणीची जनावरे जगवावयाची असतात, तो कडबा वस्तीशेजारी रचला जातो. मंगळवेढ्यापासून बार्शीपर्यंत कोठेही जा, गंजी गोठ्याला खेटून उभी दिसते. पहाटे पेंढी ओढावयास ती हाताशी असावी, ही सोय फार जुनी आहे. परंतु ह्याच सोयीमुळे गंजीची आग पाहता पाहता गोठ्याची आग होते, असे मी एकाहून अधिक वेळा पाहिले असल्यामुळे, उन्हाळ्याच्या तयारीचा आरंभ मी विहिरीपासून न करता गंजीपासून करतो.

आपल्या जिल्ह्यात घनदाट अरण्य नसले तरी वणवा आहेच. नान्नजच्या ज्या माळावर 1979 साली माळढोकाचे अभयारण्य झाले, तेथील गवत चैत्रात वाळून कोळ होते. आणि वनखाते 15 फेब्रुवारी ते 15 जून हा काळ वणव्याचा धरून जाळरेषा राखते, म्हणजे गवताचा पट्टा आधीच साफ करून आगीची वाट तोडते. हीच युक्ती शेतकऱ्याने आपल्या बांधावर आणावी. आगीचा बंब नगरपालिकेच्या गावी किंवा साखर कारखान्यावर असतो; तो वस्तीवर येईपर्यंत कडबा उरत नाही, हे गृहीत धरूनच बंदोबस्त करावयाचा.

गंजी राहत्या घरापासून व गोठ्यापासून निदान पन्नास पावलांवर असावी. दुपारचा वारा बहुधा पश्चिम-वायव्येकडून येत असल्याने ती वस्तीच्या पूर्वेस रचावी, विजेच्या तारांखाली तर कधीच नव्हे. एकच थोरली गंजी रचण्याऐवजी दोन लहान, परस्परांपासून दूर रचाव्यात. एक गेली तरी जनावरे उपाशी राहत नाहीत. सभोवार दहा-बारा फुटांचा पट्टा नांगरून किंवा वखरून ढेकळांचा ठेवावा, कारण उघड्या काळ्या मातीवरून आग सरपटत नाही. पत्र्याचे छप्पर तापते म्हणून त्यावर तुराट्या व कडबा पसरण्याचा प्रघात मला धोक्याचा वाटतो. त्याऐवजी पत्र्याला चुन्याचा पांढरा हात द्यावा.

जनावरे बांधताना दाव्याला सुरगाठ मारावी. ती एका हिसक्यात सुटते. लोखंडी साखळीचा आकडा रात्री धुरात, थरथरत्या हाताने निघत नाही, आणि दावणीला जळालेली खिलारी जोडी ज्याने पाहिली आहे त्याला हे अधिक सांगावे लागत नाही.

उसाच्या फडाला आग लागते ती बहुतेक दोन कारणांनी: झोळ पडलेल्या तारा वाऱ्याने एकमेकींवर घासून ठिणगी पडते, किंवा शेजारी पाचट पेटवितो. तारांविषयी वीज कंपनीच्या शाखा कार्यालयात लेखी अर्ज देऊन पोच घ्यावी, तातडीच्या प्रसंगी 1912 वर कळवावे; आणि प्रवाह बंद झाल्याची खात्री होईपर्यंत तारेजवळ पाणी मारू नये. पाचट जाळू नये, ते जमिनीचे अन्न आहे. खोडव्यात सरीत दाबून हेक्टरी 80 किलो युरिया, 100 किलो सिंगल सुपर फॉस्फेट व 10 किलो पाचट कुजविणारे जीवाणू संवर्धन टाकून पाणी द्यावे. मात्र कोरडे पाचट पसरलेला फड फार ज्वलनशील असतो, म्हणून ओलावा होईपर्यंत कडेच्या दोन सऱ्या मोकळ्या राखाव्यात.

पेटलेल्या फडात पिकाच्या मोहाने शिरू नये. वाऱ्याच्या आडव्या दिशेने नांगरटीकडे निघावे. भाजलेल्या अंगावर हळद, शाई वा पेस्ट न लावता वीस मिनिटे साध्या थंड पाण्याची धार धरावी, आणि 108 ला बोलवावे. मग त्याच दिवशी कामगार तलाठी व पोलीस ठाणे यांस वर्दी देऊन पंचनामा करवून घ्यावा. जळालेला ऊस ताबडतोब तोडून कारखान्यास जावा, उशीर झाला की उतारा घटतो.

पारा 43-44 अंशांवर जातो तेव्हा पंढरपुरी म्हशीला सर्वांत अधिक ताप होतो. कातडी काळी आणि घर्मग्रंथी थोड्या, त्यामुळे तिला दाट सावली व दिवसातून तीन-चार वेळा अंगावर पाणी हवेच. डाळिंबाची फळे पश्चिमेच्या उन्हाने करपतात, त्यांवर केओलिनची फवारणी किंवा जाळीचे आच्छादन करावे. मजुरांना अकरा ते चार विसावा द्यावा; घाम थांबून अंग तापलेला व बरळू लागलेला माणूस सावलीत नेऊन भिजवावा, वारा घालावा, तो शुद्धीवर नसता मात्र तोंडात पाणी ओतू नये.

गुढीपाडव्याच्या आधी एखाद्या सकाळी आपल्या गंजीपासून गोठ्यापर्यंत पावले मोजावीत. ती पन्नासांहून कमी भरली, तर कडबा तेथून हलवावा. दोन गडी लावले तर हे काम एका दिवसाचे आहे.