साथीचे हुकूम आणि हमरापूरच्या मूर्ती

पेण तालुक्यातील हमरापूर, जोहे ही गावे गणेशमूर्तींसाठी सर्वश्रुत आहेत. येथील मूर्ती केवळ श्रावणात घडत नाहीत. एका वर्षाचे विसर्जन झाले की थोड्याच अवधीत पुढील वर्षाचे साचे भरू लागतात. माती, रंग व मजुरी यांत पैसा आधी गुंततो, आणि तो सुटतो चतुर्थीच्या सुमारास. ही रीत ध्यानात घेतल्यावाचून २०२० साली या गावांवर काय ओढवले ते विद्यार्थ्यांस उमगणार नाही.

त्या वर्षी कोरोनाच्या साथीमुळे मार्चअखेर देशभर टाळेबंदी झाली. ३ जूनला निसर्ग चक्रीवादळाने रायगड जिल्ह्यास झोडपले. जुलैत राज्य शासनाच्या सूचना निघाल्या : सार्वजनिक मंडळाची मूर्ती चार फुटांहून व घरगुती मूर्ती दोन फुटांहून उंच नसावी. उंच मूर्तीस माणसे अधिक लागतात, गर्दी होते, आणि गर्दीत रोग पसरतो. हेतू उघड होता. परंतु जी मूर्ती सहा फुटांची घडून उभी आहे ती हुकुमाने चार फुटांची होत नाही.

साथ आवरण्यासाठी महाराष्ट्राने मार्च २०२० मध्ये जो कायदा लागू केला, तो १८९७ सालचा होता. त्याचा जन्म प्लेगच्या भयातून झाला. सप्टेंबर १८९६ मध्ये मुंबईतील मांडवी भागात डॉ. अकासियो व्हिएगस या गोमंतकीय वैद्याने हा रोग ओळखला. लोक लक्षावधींच्या संख्येने शहर सोडून गावोगावी पांगले. रोग पुण्यास पोहोचला, तेव्हा रँड या अधिकाऱ्याच्या हाती सर्वाधिकार देण्यात आले. गोऱ्या सैनिकांच्या तुकड्या घरात शिरत, रोग्यांस उचलून नेत, सामान रस्त्यावर जाळीत. स्त्रियांची तपासणीही उघड्यावर होई. परिणाम असा झाला की लोक रोगीच लपवू लागले. लोकमान्य टिळकांनी रोग्यांस वेगळे ठेवण्यास विरोध केला नव्हता. शहर न सोडता त्यांनी स्वतः रुग्णालय उभारण्यात भाग घेतला. त्यांचा रोष होता तो अंमलबजावणीच्या रीतीवर. २२ जून १८९७ च्या रात्री चाफेकर बंधूंनी रँडवर गोळी झाडली. उंदरांवरील पिसवांमुळे प्लेग पसरतो हे त्या वेळी अधिकाऱ्यांसही ठाऊक नव्हते, हे येथे सांगितले पाहिजे. एवढा जुलूम झाला, आणि उंदीर मोकळेच राहिले!

त्याच वर्षी दुसरी रीतही दिसून आली. वाल्देमार हाफकिन यांनी मुंबईत तयार केलेली प्लेगची लस १० जानेवारी १८९७ रोजी प्रथम स्वतःस टोचून घेतली. त्यानंतरच भायखळ्याच्या तुरुंगातील स्वेच्छेने पुढे आलेल्या कैद्यांस ती दिली. हडपसरजवळ सावित्रीबाई फुले व त्यांचे पुत्र डॉ. यशवंत यांनी रोग्यांसाठी दवाखाना उघडला. मुंढव्याचा एक आजारी मुलगा सावित्रीबाईंनी पाठीवर घेऊन तेथे आणला. संसर्ग होऊन १० मार्च १८९७ रोजी त्यांचा अंत झाला. त्यांना कोणी हुकूम केला नव्हता, आणि त्यांच्या दारी रोगी लपविण्याची गरज कोणास भासली नसावी.

२०२० साली सैनिक घरात शिरले नाहीत. मुंबईतील लालबागच्या मंडळाने तर त्या वर्षी मूर्तीच न बसविता रक्तदानाचा उपक्रम केला. मंडळांनी आवरते घेतले ते बहुतांशी समजून-उमजून. मात्र ज्याने उत्सव आवरता घेतला त्याचा उत्सव तेवढा गेला, आणि ज्याने मूर्ती घडविली त्याचे वर्ष गेले. हा भेद वर्गात अवश्य दाखवावा. रोग सर्वांचा असला तरी तो आवरण्याचा खर्च सर्वांवर सारखा पडत नाही. हमरापूरच्या मुलांस तो घरीच दिसला असेल. त्यांनाच प्रथम बोलू द्यावे.

२०२१ साली उंचीची तीच मर्यादा पुन्हा आली. ती उठली २०२२ मध्ये. तोवर न खपलेल्या उंच मूर्ती कारखान्यांत आच्छादनाखाली उभ्या होत्या. त्यांच्यावरील धूळ झटकून रंगाचा हात पुन्हा फिरवावा लागला.