पर्वतीचा हट्ट सोडा

प्रश्न : आमच्या ज्येष्ठांच्या गटात दोघे व्हीलचेअरवर आहेत. पुण्यात अर्ध्या दिवसाची सहल कुठे काढावी? काहींचा पर्वतीचा आग्रह आहे.

उत्तर : पर्वतीला शंभरावर पायऱ्या आहेत, म्हणजे दोघांनी खाली बसून राहायचे. तो बेत नकोच. कात्रजचे प्राणिसंग्रहालय बघा. तिथे बॅटरीवरच्या गाड्या असतात. बुधवारी मात्र ते बंद असते. खुर्ची घडी करून गाडीत मावेल का, हे आधी विचारून घ्या.

फोनवर "सोय आहे" एवढ्यावर विश्वास ठेवू नका. गटातल्या इतर कोणी दोघांनी आदल्या आठवड्यात जाऊन यावे, सोबत मोजपट्टी न्यावी. एक फूट चढायला बारा फूट लांब उतार लागतो. तीन पायऱ्यांवर टाकलेली फळी म्हणजे रॅम्प नव्हे! स्वच्छतागृहाचे दार नव्वद सेंटिमीटर रुंद असेल तर उत्तम. दार आत उघडत असेल, तर खुर्ची आत गेल्यावर ते लागत नाही. हे बहुतेकांच्या लक्षातच येत नाही.

सकाळी लवकर निघा, दुपारच्या जेवणाला घरी या. आणि ठिकाण ठरवताना व्हीलचेअरवरच्या दोघांना आधी विचारा.