घरात शिरलेले दूषित पाणी

घरात पाणी शिरले म्हणजे सर्वप्रथम पाहिली जाते ती त्याची उंची. पाणी घोट्याइतके होते की गुडघ्याइतके, ओट्याला लागले की नाही, यावरून माणसे हानीचा अंदाज बांधतात. आरोग्याच्या दृष्टीने मात्र हे माप दुय्यम होय. पाणी कोठून आले, हा प्रश्न आधी विचारला पाहिजे. काय धुवावे, काय उकळावे आणि काय टाकून द्यावे, हे त्याच्या उत्तरावर ठरते.

पाश्चात्त्य पुस्तकांत अशा पाण्याचे तीन वर्ग मानलेले आढळतात. फुटलेल्या नळाचे पाणी स्वच्छ. न्हाणीतले किंवा कपडे धुतल्याचे पाणी मध्यम. मैलायुक्त गटाराचे आणि पुराचे पाणी सर्वांत घातक. ही विभागणी सोयीची आहे, तथापि ती जशीच्या तशी उचलून आपले भागत नाही. त्या पुस्तकांतील घरे बहुधा सुटी, लाकडी भिंतींची आणि गालिचे अंथरलेली असतात. रायपूरच्या सदर बाजाराचे उदाहरण घ्या. सराफी दुकानांची ही जुनी पेठ. अशा जुन्या पेठांत खाली दुकान, वर बिऱ्हाड, भिंतीला भिंत लागून घरे आणि उंबऱ्यालगत नाली, अशी रचना सर्रास आढळते. मुसळधार पावसात नाली तुंबून उलटली की पावसाचे म्हणून जे पाणी आत येते, ते वस्तुतः तिसऱ्या वर्गातलेच असते. शिवाय स्वच्छ पाणीही एकदोन दिवस साचून राहिले तर स्वच्छ राहत नाही. शंका असेल तेथे पाणी मैल्याचेच समजून वागणे शहाणपणाचे.

या शंकेत केवढे गांभीर्य आहे, हे मुंबईने अनुभवले. २६ जुलै २००५ रोजी सांताक्रूझ येथे सुरू झालेल्या चोवीस तासांच्या पावसाची नोंद ९४४ मिलिमीटर इतकी झाली. मिठी नदी पात्र सोडून वस्त्यांत शिरली. पुराने शेकडो माणसे दगावली. पाणी ओसरल्यानंतर लेप्टोस्पायरोसिस या रोगाने आणखी बळी घेतले. या रोगाचे जंतू उंदरांच्या व गुरांच्या मूत्रातून पाण्यात उतरतात आणि पायांच्या भेगा, खरचटलेली त्वचा किंवा डोळ्यांची अस्तरे यांतून शरीरात प्रवेश करतात. त्यासाठी ते पाणी प्यावे लागत नाही. त्यात उभे राहणे पुरते. म्हणून अनवाणी पायांनी घर धुण्याची आपली रीत या प्रसंगी सोडली पाहिजे. गुडघ्यापर्यंतचे रबरी बूट व हातमोजे हवेत. सफाईचे हे काम घरातील स्त्रियांकडे किंवा मोलकरणीकडे जाते आणि बूट मात्र पुरुषांच्या मापाचे आणले जातात, ही विसंगती नमूद केल्यावाचून राहवत नाही.

त्याआधी विजेचा विचार करावा. मुख्य बटणापर्यंत कोरड्या जमिनीवरून जाता येत असेल तरच ते बंद करावे. नाहीतर वीज कंपनीच्या माणसाची वाट पाहावी. भिजलेला मिक्सर किंवा फ्रिज ‘चालतो का’ म्हणून लावून पाहू नये. भरपाई मागायची असेल तर वस्तू हलविण्यापूर्वी छायाचित्रे काढून ठेवावीत, म्हणजे पंचनाम्याच्या वेळी अडचण पडत नाही.

आता सफाईविषयी. पाणी ओसरताच चिखलावर ब्लीचिंग पावडर फेकण्याची पद्धत सर्वत्र दिसते. जमीन पांढरी होते, उग्र वास सुटतो आणि घर शुद्ध झाल्याचे समाधान लाभते. प्रत्यक्षात तो बराचसा अपव्यय होय. पावडरमधील क्लोरीन जंतूंनाच शोधून मारीत नाही; जे सेंद्रिय द्रव्य प्रथम भेटेल त्यावर ते खर्ची पडते, आणि चिखल तर अशा द्रव्याने भरलेला असतो. म्हणून क्रम असा हवा: चिखल ओला असतानाच फावड्याने काढावा, मग साबणाच्या पाण्याने घासावे, धुवावे आणि शेवटी जंतुनाशक वापरावे. दहा लिटर पाण्यात ३० ते ४० ग्रॅम ताजी पावडर प्लास्टिकच्या बादलीत कालवावी, गाळ खाली बसू द्यावा आणि वरचे निवळ पाणी फरशीवर व भिंतीच्या भिजलेल्या भागावर लावून किमान दहा मिनिटे ओले राहू द्यावे. उघड्या पोत्यातली जुनी, दमट पावडर निकामी झालेली असते. संडास धुण्याचे ॲसिड तिच्यात कधीही मिसळू नये. त्यातून क्लोरीन वायू सुटतो आणि बंद न्हाणीघरात तो प्राणघातक ठरू शकतो.

वस्तूंच्या बाबतीत मन कठोर करावे लागते. काच, स्टील आणि चिनी मातीची भांडी धुऊन निर्जंतुक करता येतात. सुती कपडे उकळत्या पाण्यातून काढून उन्हात वाळवावेत. कापसाची गादी मात्र वाचत नाही. कापूस पिंजून पुन्हा भरावा असा मोह होतो. पण मैला शोषलेला कापूस पिंजणे म्हणजे ती धूळ पिंजाऱ्याच्या आणि घरच्यांच्या छातीत घालणे होय. कोठीतले भिजलेले धान्यही उन्हाने शुद्ध होत नाही. बुरशी त्याआधीच धरते. ते गुरांनाही घालू नये.

पिण्याच्या पाण्याची जमिनीखालील टाकी बुडाली असल्यास ती उपसून घासावी, पुन्हा भरून दर हजार लिटरला सुमारे २०० ग्रॅम पावडर घालावी आणि एक अहोरात्र ठेवून ते पाणी सोडून द्यावे. उपसा करण्यासाठी एकट्याने आत उतरू नये. नळाच्या पाण्यावरही लगेच विसंबू नये. जुन्या शहरांत नळ आणि नाल्या एकाच वाटेने जातात. २०२० च्या एप्रिलमध्ये रायपुरात काविळीची साथ आली तेव्हा नाल्यांतून गेलेल्या गळक्या नळवाहिन्यांकडेच बोट दाखविले गेले होते. दूषित पाण्यातून येणारी हेपॅटायटिस ई ही कावीळ गर्भवती स्त्रियांना विशेष घातक असते. पाणी खळखळून उकळलेलेच प्यावे.

भिंती वाळण्यास वेळ लागतो. एकदोन दिवसांतच बुरशी धरू लागत असल्याने कपाटे भिंतीपासून हातभर दूर ओढावीत, पंखे सुरक्षित असल्याची खात्री करून लावावेत आणि भिंत आतून कोरडी होईपर्यंत रंगाला हात लावू नये. घाईने दिलेला रंग ओल आत कोंडून ठेवतो.

लेप्टोस्पायरोसिस सामान्यतः पाच ते चौदा दिवसांत, क्वचित महिन्याभरानेही प्रकट होतो. ताप, पोटऱ्यांत तीव्र वेदना, लाल डोळे अशी लक्षणे दिसल्यास घरगुती उपायांत दिवस न घालविता डॉक्टरांकडे जावे आणि आपण पुराच्या किंवा गटाराच्या पाण्यात उभे होतो, हे त्यांनी विचारण्याची वाट न पाहता सांगावे. प्रतिबंधक गोळ्याही त्यांच्याच सल्ल्याने घ्याव्यात. सफाईला मदत करणाऱ्या बाईंनाही तो सल्ला मिळेल, हे घरच्यांनी पाहावे.