ठेव

कालिदासाच्या ‘अभिज्ञानशाकुंतल’ या नाटकाचा चौथा अंक रसिकांच्या विशेष आवडीचा आहे. शकुंतला कण्वमुनींचा आश्रम सोडून पतिगृही निघाली आहे. सख्यांचा व वृक्षवेलींचा निरोप घेत ती पाऊल उचलते, तोच मागून कोणीतरी तिचे वस्त्र ओढते. ती वळून पाहते, तो एक पाडस! जन्मताच त्याची आई मरण पावली होती. दर्भाच्या तीक्ष्ण पात्यांनी त्याचे तोंड चिरले, तेव्हा शकुंतलेने त्या जखमेला इंगुदीचे तेल लावले होते. मूठ मूठ सावे भरवून त्याला वाढविले होते. आता ती त्याची समजूत घालते आणि त्याला कण्वांच्या हाती सोपवून पुढे जाते.

पोरक्या जीवाला आसरा द्यावा, त्याचे संगोपन करावे आणि वेळ येताच त्याला दुसऱ्या सुरक्षित हाती द्यावे, हे कार्य असे फार जुने आहे. आजच्या शहरांत त्याला निराळे रूप आले आहे. रस्त्यावर जखमी झालेली किंवा आईवेगळी झालेली कुत्र्यामांजरांची पिले काही कुटुंबे काही आठवड्यांसाठी आपल्या घरी आणतात. ती स्वतःच्या पायांवर उभी राहिली, की त्यांना कायमचे घर शोधून देतात. पाळणे वेगळे आणि असे सांभाळणे वेगळे. पाळणारा प्राण्याला आपला म्हणतो. सांभाळणारा त्याला दुसऱ्याची ठेव समजतो.

प्राण्यांसाठी दवाखाने व आश्रयस्थाने असताना घरांची आवश्यकता का भासावी? मुंबईत प्राणिदयेचे कार्य करणारी संस्था १८७४ साली स्थापन झाली आणि परळ येथे सर दिनशा माणेकजी पेटीट यांच्या देणगीतून प्राण्यांचे मोठे रुग्णालय उभे राहिले. पुढे स्वतंत्र भारतात नृत्यकलेच्या थोर उपासक श्रीमती रुक्मिणीदेवी अरुंडेल यांनी राज्यसभेत या प्रश्नाचा पाठपुरावा केला. १९६० साली प्राण्यांवरील क्रौर्याला प्रतिबंध करणारा कायदा झाला. १९६२ साली स्थापन झालेल्या प्राणिकल्याण मंडळाच्या त्या पहिल्या अध्यक्षा होत्या. सर्व जीवांविषयी दयाभाव बाळगणे हे नागरिकाचे कर्तव्य आहे, असे १९७६ पासून आपल्या संविधानातही नमूद आहे. परंतु कायदा पिलाला मध्यरात्री उठून दूध पाजू शकत नाही. रुग्णालयात जागा मोजकी असते. अनेक आजारी प्राणी एकत्र असल्यामुळे दुबळ्या पिलांना संसर्गाचे भय असते. शिवाय माणसाचा स्नेहल स्पर्श ज्या कोवळ्या वयात लाभावा लागतो, ते वय पिंजऱ्यात गेले, तर प्राणी पुढे बुजरा होतो. म्हणून घर हवे.

अशाच एका घरातील ही हकीकत आहे. आषाढातील एका संध्याकाळी पुण्यातील त्या घराचा धाकटा मुलगा शाळेतून परत येत असता, त्याला जिन्याखाली क्षीण आवाज ऐकू आला. तेथे मांजरीची तीन पिले एकमेकांना बिलगून पडली होती. त्यांचे डोळेही उघडले नव्हते. त्याने हात पुढे केला, तोच आजी म्हणाली, “थांब बाळ. त्यांची आई भक्ष्य शोधायला गेली असेल. आई असताना पिलांना उचलणे म्हणजे दया नव्हे, चोरी!” परंतु मांजर सकाळीच वाहनाखाली सापडल्याचे पहारेकऱ्याने सांगितले, तेव्हा आजीनेच पदराखाली घेऊन पिले घरात आणली.

जोड्यांचे एक रिकामे खोके आले. त्यात जुने लुगडे अंथरले गेले. मुलाने लगबगीने गाईच्या दुधाची वाटी आणली. पण आजीने पशुवैद्यांना दूरध्वनी केल्यावर त्याला दोन नव्या गोष्टी समजल्या. गाईचे दूध इतक्या लहान पिलांना मानवत नाही. त्याने त्यांना जुलाब होतात आणि त्यातच ती दगावतात. त्यांच्यासाठी वेगळी दूधभुकटी मिळते. दुसरी गोष्ट अशी, की गारठलेल्या पिलाला आधी ऊब द्यावी व मगच दूध द्यावे. कारण थंड पडलेल्या शरीरात अन्न पचत नाही. गरम पाण्याची बाटली फडक्यात गुंडाळून खोक्याच्या एका बाजूस ठेवली गेली. एकाच बाजूस अशासाठी, की ऊब जास्त झाली, तर पिलांना दुसरीकडे सरकता यावे.

त्या रात्रीपासून घराचे घड्याळ बदलले. दर दोन-तीन तासांनी कोणीतरी उठे. पिलाला पालथे ठेवून, बिनसुईच्या पिचकारीने थेंब थेंब दूध दिले जाई. उताणे धरून पाजल्यास दूध श्वासनलिकेत जाण्याची भीती असते. मांजरी पिलांना चाटून मलमूत्रविसर्जन करविते. ते कार्य आता कोमट पाण्यात भिजविलेल्या कापसाने करावे लागे. रोज सकाळी वजनकाट्यावर प्रत्येकाचे वजन होई आणि मुलगा ते वहीत टिपून ठेवी. दिवसाला सुमारे १० ग्रॅम वाढ झाली, म्हणजे सारे ठीक, असे वैद्यांनी सांगितले होते.

दोन पिलांचे आकडे वाढत गेले, तिसऱ्याचे वाढेनात. ते सर्वांत लहान होते. चौथ्या रात्री त्याने दूध घेण्याचे सोडले. आजीने त्याला रात्रभर तळहातावर धरून ऊब दिली. परंतु पहाटे त्याचा श्वास थांबला. मुलगा वही पुढ्यात घेऊन बसून राहिला. “आपले काय चुकले, आजी?” त्याने विचारले. आजी म्हणाली, “काही चुकले नाही, बाळ. सगळे केले, तरी काही जीव हाती लागत नाहीत. पण ते पावसात एकटे गेले नाही, एवढे तरी आपल्याला करता आले.” अंगणातील जास्वंदीखाली त्याला पुरल्यावर मुलाने हात धुतले. उरलेल्या दोघांची दूध घेण्याची वेळ झाली होती.

दुसऱ्या आठवड्यात पिलांचे निळसर डोळे उघडले. महिन्याची झाल्यावर ती मऊ अन्न चाटू लागली, रेतीच्या तसराळ्यात आपण होऊन जाऊ लागली आणि वर्तमानपत्राच्या बोळ्याशी लढाया करू लागली. सातव्या आठवड्यात त्यांना पहिली लस टोचण्यात आली.

कुत्र्याच्या पिलांची निगाही बहुतांशी अशीच राखावी लागते. आणलेल्या पिलाला घरातल्या प्राण्यांपासून निदान दोन आठवडे वेगळे ठेवावे. कारण त्याच्या शरीरात दडलेला रोग उशिरा प्रकट होतो. कांदा, लसूण, द्राक्षे व चॉकलेट हे पदार्थ कुत्र्यांना घातक आहेत, आणि माणसाच्या तापावरची पॅरासिटॅमॉलची गोळी मांजराचा जीव घेऊ शकते. जखमी व भ्यालेले कुत्रे चावण्याचा संभव असतो. म्हणून मुलांनी त्याला स्वतः न उचलता मोठ्या माणसांना बोलवावे. कुत्रे वा मांजर चावले किंवा त्याचा ओरखडा उठला, तर ती जागा साबण लावून वाहत्या पाण्याखाली १५ मिनिटे धुवावी आणि विलंब न लावता डॉक्टरांकडे जावे. दयेला दक्षतेची जोड नसेल, तर ती घात करते.

दोन महिने झाले, आणि ज्या दिवसाला घर मनातून भीत होते, तो उजाडला. दोन्ही पिलांना एकाच घरी नेण्यास एक दांपत्य तयार झाले. आजीने ते घर आधी पाहून घेतले होते, खिडक्यांना जाळ्या असल्याची खात्री केली होती आणि पिले मोठी होताच त्यांची शस्त्रक्रिया करून घेण्याचे वचन मिळविले होते. अन्यथा पुढच्या आषाढात आणखी पिले जिन्याखाली आली असती. परंतु मुलगा खोक्यावर हात ठेवून बसला. “आजी, मी देणार नाही. ती माझी आहेत.”

आजीने त्याला भरत राजाची पुराणातील कथा सांगितली. राज्य सोडून तपास बसलेल्या त्या राजाने नदीत पडलेले हरिणीचे पोरके पाडस वाचविले. परंतु त्याच्यात तो इतका गुंतला, की तप विसरला आणि मरतानाही हरिणाचेच चिंतन करीत राहिल्यामुळे पुढल्या जन्मी हरीण झाला. “वाचविले हे त्याचे पुण्य,” आजी म्हणाली, “पण सोडता आले नाही. आता कण्वांचे पाहा. शकुंतलाही त्यांना अरण्यात पाखरांच्या राखणीत सापडलेली. तिला पाठविताना त्यांचा कंठ दाटला. पण ती गेल्यावर ते म्हणतात, की ठेव परत केल्यासारखे मन हलके झाले. मुलगी म्हणजे दुसऱ्याची ठेव, हे मी आज मानणार नाही हो! पण पाहुण्या जीवाला तो शब्द शोभतो. ही दोघे इथेच राहिली, तर खोके भरलेले राहील. उद्या जिन्याखाली कोणी ओरडले, तर त्याला कुठे ठेवशील?”

मुलगा बराच वेळ बोलला नाही. मग उठून त्याने आपली वही आणली, वजनांची पाने काळजीपूर्वक फाडली आणि त्या दांपत्याच्या हाती दिली. “रोज सकाळी वजन करा,” तो म्हणाला. त्याचा आवाज कापत होता; पण दार त्यानेच उघडले.

संध्याकाळी आजीने पाहिले, तो खोके उन्हात वाळत होते, आणि आत जुने लुगडे धुऊन, घडी घालून ठेवलेले होते.

शब्दार्थ
पाडस – हरिणाचे पिलू. इंगुदी – हिंगणबेट नावाचा वृक्ष. सावे – एक प्रकारचे बारीक धान्य. ठेव – विश्वासाने सांभाळण्यास दिलेली वस्तू. तसराळे – पसरट भांडे. दक्षता – सावधपणा.

स्वाध्याय
१. ‘पाळणे’ आणि ‘सांभाळणे’ यांत लेखकाने कोणता भेद दाखविला आहे?
२. कारणे द्या : (अ) आजीने मुलाला पिले लगेच उचलू दिली नाहीत. (आ) गरम पाण्याची बाटली खोक्याच्या एकाच बाजूस ठेवली.
३. भरत राजा व कण्वमुनी यांच्या वागण्यातील साम्य आणि फरक आपल्या शब्दांत लिहा.
४. ‘दयेला दक्षतेची जोड नसेल, तर ती घात करते,’ हे विधान पाठातील दोन उदाहरणांनी स्पष्ट करा.
५. मुलाने वहीची पाने त्या दांपत्याला का दिली असावीत?
६. वाक्यांत उपयोग करा : हाती न लागणे, कंठ दाटणे, पाठपुरावा करणे.